मामांचा गाल, चिंच आणि डोळ्यात बसवलेली लाळ

आमच्या नानामामांना जेवताना घाम येतो. तुम्ही म्हणाल त्यात काय, झणझणीत खाल्लं की कुणालाही येतो. पण मामांना फक्त डाव्या गालावर येतो, कानाच्या पुढे तळहाताएवढी जागा असेल तेवढ्यातच, आणि उजवा गाल आपला कोरडा ठणठणीत. आमच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते मावसभावाच्या साखरपुड्याला, पंगतीत मी शेजारीच बसले होते, मामांनी लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि बघता बघता गालावर दव पडल्यासारखे बारीक थेंब आले, मग ते थेंब एकमेकांना मिळाले आणि ओघळ सरळ शर्टाच्या कॉलरमध्ये. मामीने आधी वाढप्यालाच झापलं, तो पंखा इकडे फिरव म्हणून. फिरवला. काही फरक नाही.

तर ही पोस्ट त्या गालाची आहे. गेलं वर्षभर मी या लाळेच्या विषयात इतकी घुसलेय की घरात मला लाळेश्वरी म्हणायला लागलेत. मी डॉक्टर वगैरे नाही हां, कॉमर्सवाली आहे, दिवसभर जीएसटी भरते, पण एकदा डोक्यात किडा वळवळला की मला झोप लागत नाही, त्यामुळे वाचलं, डॉक्टरांना पिडलं, आणि आता तुम्हाला पिडतेय.

मागची गोष्ट अशी. मामांच्या डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ होती, दुखत नव्हती, कित्येक वर्षं तशीच. दाढी करताना ब्लेड अडायचं म्हणून शेवटी दाखवली. सुईने पाणी काढून तपासलं, साधी गाठ निघाली, कॅन्सर नाही, पण काढून टाका म्हणाले कारण अशी गाठ ठेवली तर हळूहळू वाढत राहते आणि पुढेमागे बिघडूही शकते. ही गाठ होती पॅरोटिडमध्ये, म्हणजे कानापुढची मोठी लाळग्रंथी, गालफुगीत सुजते ना तीच. ऑपरेशनच्या आधी सगळी भीती एकाच गोष्टीची घातली होती, चेहऱ्याची नस या ग्रंथीच्या मधूनच जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होईल. त्यामुळे ऑपरेशननंतर मामी दर अर्ध्या तासाने "अहो हसा बघू" करत होती. मामा हसले. सरळ हसले. कानाची पाळी तेवढी बधीर राहिली, ती अजून आहे. सगळे खूश. घामाबद्दल कुणी अवाक्षर बोललं नव्हतं, सह्या केल्या त्या कागदात बारीक अक्षरात असेलही, कोण वाचतंय तेव्हा. नाव नाही घेत कुणाचं, ऑपरेशन चांगलंच केलं त्यांनी, पण एक वाक्य सांगितलं असतं तर मामांनी पुढचे चार महिने बीपीच्या गोळीला दोष दिला नसता.

घाम सुरू झाला तो लगेच नाही, आठ-नऊ महिन्यांनी. आणि हा उशीर हीच खरी मेख आहे, ती नंतर सांगते.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मामांच्या गालावर कापसाने आयोडीन लावलं, वाळू दिलं, त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, अगदी पावडर लावतात तसं, आणि हातात लिंबाची फोड दिली, म्हणाले चोखा. मिनिटभरात पांढऱ्या गालावर आधी एक निळा ठिपका, मग दुसरा, मग कानापुढचा पट्टाच्या पट्टा जांभळाच्या सालीसारखा काळानिळा. सातवीत बटाट्यावर आयोडीन टाकायचो तीच ही केमिस्ट्री, स्टार्च आणि आयोडीन एकत्र येऊन निळं व्हायला ओल लागते आणि ती ओल इथे घामाची. मामा आरशात बघून म्हणाले, "रंगपंचमी झाली की इथंच." डॉक्टरांनी पेनाने त्या डागाची हद्द आखून फोटो काढला आणि मग सांगितलं की तुमची गाठ काढताना लाळेच्या नसा तुटल्या, तुटणारच होत्या, त्या परत वाढल्या पण त्यांना त्यांची ग्रंथी सापडली नाही, म्हणून त्या वर चामडीत शिरल्या आणि घामाच्या ग्रंथींना जाऊन चिकटल्या. आता मेंदू म्हणतो लाळ सोड, आणि गाल सोडतो घाम.

मला हे इतकं अफाट वाटलं ना. म्हणजे मेंदूने हुकूम बरोबर दिलाय, नसेने बरोबर पोचवलाय, फक्त पत्ता चुकलाय.

याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. लुसिया फ्रे नावाची पोलंडची न्यूरॉलॉजिस्ट होती, तिने 1923 मध्ये गोळी लागून पॅरोटिडपाशी जखम झालेल्या एका सैनिकाबद्दल लिहिलं, त्याला जेवताना गालावर घाम यायचा. असे पेशंट तिच्याआधीही लोकांनी पाहिले होते, पण हा नसेचा खेळ आहे आणि नेमक्या कुठल्या नसेचा, हे तिने नीट मांडलं. ती ज्यू होती, 1942 मध्ये लव्होव शहराच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत, नाझींच्या काळात तिचा अंत झाला. मामांना मी हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाई गेली आणि नाव माझ्या गालावर ठेवून गेली."

आता लाळेकडे येते. आपल्या भाषेला हे सगळं आधीच माहीत होतं असं मला वाटतं. तोंडाला पाणी सुटतं, आणि घाबरलं की तोंडचं पाणी पळतं. विचार करा, हे दोन्ही वाक्प्रचार शब्दशः खरे आहेत, शरीरात अगदी तस्संच होतं. लहानपणी आमच्या गावात लग्नाच्या वरातीत पोरं सनईवाल्याच्या समोर उभं राहून चिंच चोखायची, त्याला दाखवून दाखवून, मुद्दाम मचमच आवाज करत, की त्या बिचाऱ्याच्या तोंडात लाळ भरायची आणि सूर फाटायचा, मग तो एक लाथ हवेत मारायचा आणि आम्ही पळायचो. चिंच आमच्या तोंडात, लाळ त्याच्या. नुसत्या बघण्याने. रक्तातून काही हार्मोन वगैरे फिरून यायला वेळ लागतो, इथे काम सेकंदात होतं, कारण लाळ चालते ती तारेवर. पोटातल्या पाचकरसांना नसा आणि हार्मोन दोन्ही चालवतात, लाळेचा नळ मात्र जवळजवळ पूर्णपणे नसांच्या हातात आहे.

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी, ओठाच्या आतून जीभ फिरवली की मोहरीसारखं खरखरीत लागतं बघा, त्या. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात, झोपेत जवळपास बंद. एरवी काही न खाता तोंड ओलं राहतं ती बरीचशी जबड्याखालच्या ग्रंथीची मेहरबानी, आणि घास चावायला लागलो की कानापुढची जोरात सुरू होते, पाण्यासारखी पातळ.

नसा दोन खात्यांच्या. एक पॅरासिम्पथेटिक, निवांत खातं, ती भरपूर पातळ लाळ सोडायला लावते. दुसरी सिम्पथेटिक, धावपळीचं खातं, तिच्याने लाळ थोडी आणि घट्ट, प्रोटीनवाली. भीती वाटली की मेंदू वरूनच निवांत खात्याचा हुकूम अडवतो आणि तोंडाची खापरी होते. पूर्वी चोर ओळखायला संशयितांना कोरडे तांदूळ चावायला द्यायचे म्हणतात ते यावरच, ज्याचे तांदूळ कोरडे निघाले तो चोर. निष्पाप पण घाबरट माणसाचं काय होत असेल देव जाणे, मला तर ट्रॅफिक पोलिसाने नुसता हात केला तरी जीभ टाळूला चिकटते.

धोतऱ्याची विषबाधा झालेल्याचं तोंड कोरडंठाक पडतं तेही याच तारेवर. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ग्रंथीच्या पेशीवर त्याचं कुलूप असतं, धोतऱ्यातलं ॲट्रोपिन ते कुलूपच बुजवून टाकतं. आणि मामांच्या गालाचं कोडं इथेच सुटतं. घामाच्या ग्रंथींना ज्या नसा जातात त्या खरं तर धावपळीच्या खात्याच्या, पण त्या खात्यात अपवाद म्हणून त्याही ॲसिटिलकोलीनच सोडतात. म्हणजे लाळेचं आणि घामाचं कुलूप एकाच किल्लीचं! म्हणून वाट चुकलेली लाळेची नस घामाच्या ग्रंथीत शिरली तर तिची किल्ली तिथेही फिरते. वेगळी किल्ली असती तर मामांचा गाल कोरडाच राहिला असता. आणि तो आठ-नऊ महिन्यांचा उशीर? नस रोज मिलिमीटरभर असं रांगत वाढते, तिला चामडीपर्यंत पोचून तिथे संसार थाटायला तेवढा वेळ लागला.

या नसांचा रस्ताही काय वाकडातिकडा आहे. पॅरोटिडची नस मेंदूच्या देठातून निघून कानाच्या मधल्या पोकळीतून जाते, नसांच्याच एका गाठीपाशी गाडी बदलते, आणि मग कानापुढून वर जाणाऱ्या दुसऱ्याच नसेच्या पाठुंगळी बसून ग्रंथीपर्यंत येते. जबड्याखालच्या ग्रंथीची नस, कॉर्डा टिंपनी, तीही कानातूनच, पडद्यामागच्या हातोडीच्या हाडाला घासून जाते. माझ्या शेजारणीच्या कानाचं ऑपरेशन झाल्यावर तिला दोन महिने आमटी पितळेसारखी लागायची, ती याच नसेमुळे, कारण चवही तीच नेते. तेव्हा तिने नवीन कल्हईवाल्याला नावं ठेवली होती.

लाळ म्हणजे रक्तातून गाळून आलेलं पाणी असं आधी समजायचे. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन माणसाने 1850 च्या आसपास कुत्र्याच्या लाळग्रंथीची नस विजेने चेतवली आणि लाळेच्या नळीतला दाब मोजला, तर तो ग्रंथीला येणाऱ्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त भरला. आता नुसतं गाळलं जात असतं तर गाळलेल्याचा दाब वरच्या टाकीपेक्षा जास्त कसा होईल? म्हणजे ग्रंथी स्वतः जोर लावून पाणी ढकलते आणि तिला जोर लावायला नस सांगते. किती साधा प्रयोग, किती मोठी गोष्ट. आपल्याला सगळ्यांना फक्त पाव्हलॉव्हचा कुत्रा माहीत, घंटी वाजली की खाणं येणार समजून लाळ गाळणारा, पण पाव्हलॉव्ह स्वतः तरुणपणी या लुडविगच्या लॅबमध्ये काम करून गेलेला आहे. फ्रान्सच्या क्लोद बर्नारने अजून एक विचित्र गोष्ट पाहिली, नस कापून टाकली की ग्रंथी एकदम बंद पडत नाही, काही दिवसांनी ती आपली आपणच, न सांगता, हळूहळू पाझरत राहते. ही पाझरणारी अनाथ ग्रंथी लक्षात ठेवा.

कारण आता डोळ्यात लाळ बसवायची आहे.

हो, खरंच बसवतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. काही लोकांचे डोळे इतके कोरडे पडतात की अश्रूच उरत नाहीत, औषधाची भयंकर रिॲक्शन येऊन अंगाची सालं निघतात तो स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम, त्यात अश्रूंच्या नळ्या, पापणीची आतली बाजू सगळं भाजल्यासारखं होतं आणि डोळा मिटला तरी पापणी बुबुळावर पॉलिश पेपरसारखी घासते. दर पाच-दहा मिनिटाला ड्रॉप टाकून किती टाकणार. तर सर्जन लोकांनी म्हटलं, ओल देणारी ग्रंथी शेजारीच तोंडात आहे, ती वळवू.

सुरुवात झाली 1951 मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधले फिलातॉव्ह, कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, रोपणासाठी गाजलेले, त्यांनी आणि चेव्हालेव्ह यांनी पॅरोटिडची नुसती नळी उचलून डोळ्याकडे वळवली. ग्रंथी जागच्या जागी, रक्त जागच्या जागी, नसा शाबूत. डोळा ओला झाला! पण पेशंट जेवायला बसला की डोळ्यातून धारा. अहो होणारच, नसेला काय माहीत नळी कुठे वळवलीय, तिला लोणचं दिसलं तिने नळ सोडला. दोन घास खायचे आणि डोळे पुसायचे, पंगतीत बसलेल्याला लोक विचारणार काय झालं रडायला. माणसांत हे ऑपरेशन मागे पडलं, पण कोरड्या डोळ्याच्या कुत्र्यांवर प्राण्यांचे डॉक्टर अजूनही ते करतात, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्या कुत्र्याला दिवसातनं थोडं थोडं काहीतरी खाऊ द्यायचा, की डोळा ओला होतो. बिस्कीट हेच आय ड्रॉप. पाव्हलॉव्ह कुठे असेल तिथे हसला असेल.

मग 1986 मध्ये स्पेनच्या मुरुबे यांनी वेगळी वाट काढली. जबड्याखालची अख्खी ग्रंथीच काढायची, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, ती कानशिलावर खड्डा करून बसवायची, तिथल्या धमनी आणि शिरेला मायक्रोस्कोपखाली केसासारख्या बारीक धाग्याने जोडायची आणि तिची नळी चामडीखालून नेऊन वरच्या पापणीच्या आत उघडायची. स्वतःचीच ग्रंथी, त्यामुळे शरीर नाकारेल ही भीती नाही. पुढे जर्मनीत आणि चीनमध्ये, विशेषतः बीजिंगला, हे पुष्कळ झालं. इथे नसा कापलेल्या असतात. जोडतच नाहीत. रक्त जोडलं, नळी जोडली, नस सोडून दिली.

मग ती ग्रंथी चालते कशी? हीच ती बर्नारची अनाथ ग्रंथी. नस नसताना आपली आपण थोडं थोडं पाझरते. सुरुवातीचे काही दिवस बरी पाझरते, मग आटते, पहिले तीनेक महिने अगदी कोरडे जातात, या काळात नळी बुजून जायची भीती असते, आणि त्यानंतर पुन्हा पाणी यायला लागतं. बऱ्याच जणांना इतकं येतं की उलटाच ताप, पळालं, उन्हात फिरलं, गरम व्हायला लागलं की डोळा वाहतो, मग परत ऑपरेशन करून ग्रंथीचा थोडा भाग काढून टाकावा लागतो. म्हणजे मालक नसलेली ग्रंथी आधी उपाशी राहते, मग मिळेल त्याचं ऐकते. कानशिलातल्या आजूबाजूच्या नसा तिच्यात शिरत असाव्यात असं मानतात, मामांच्या गालावर झालं तेच, फक्त उलट बाजूने. मामांकडे नस होती ग्रंथी नव्हती, इथे ग्रंथी आहे नस नाही, आणि दोघंही जोडीदार शोधत फिरतायत, स्थळं बघितल्यासारखी.

आणि लाळ म्हणजे अश्रू नव्हेत, हेही आहेच. अश्रू जवळजवळ रक्ताइतके खारट असतात, लाळ खूप कमी खारट, कारण ग्रंथीच्या नळ्या तोंडाकडे जाता जाता मीठ परत शोषून घेतात (म्हणूनच आपल्याला जेवणातलं मीठ कळतं, तोंड आधीच खारट असतं तर काय कळलं असतं). त्यामुळे डोळ्यात लाळ जास्त झाली तर बुबुळाचा पडदा पाणी पिऊन सुजतो. शिवाय ज्यांच्या लाळग्रंथी मुळात आजारी आहेत, शोग्रेन नावाच्या आजारात शरीरच आपल्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी खाऊन टाकतं, त्यांना याचा सहसा उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं.

आपल्याकडे यातला सोपा प्रकार जास्त करतात, चेन्नईच्या शंकर नेत्रालयात आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादमध्ये. ओठाच्या आतल्या त्या मोहरीएवढ्या ग्रंथी, वरच्या अस्तरासकट चौकोनी तुकडा कापून पापणीच्या आत लावायच्या. रक्तवाहिन्या शिवायची भानगड नाही, लावल्या जागेतून त्या स्वतःच रक्त ओढून घेतात, रोप लावल्यावर मुळं धरतं तसं. या बारीक ग्रंथी तोंडात असतानाही नसेची फार वाट न बघता जरा जरा झिरपत असतात, आणि त्यांची लाळ चिकट, म्हणून डोळ्याला मानवतात. दृष्टी परत येत नाही त्याने, पण पापणी उघडमीट करताना जो जीव जातो तो कमी होतो. ओठातली ओल पापणीत. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शी!" आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "दुखतं का गं खूप त्यांना?"

एक उलटी गोष्टही आहे, ती आपल्या घराजवळची. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला रेडिएशन देतात त्यात लाळग्रंथी जळतात. तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे काय करून ठेवलंय ते सांगायला नको, महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी टपरीमागे काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सोसायटीतले एक काका, कॅन्सरमधून वाचले, पण पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. एकदा म्हणाले, "ताई, भाकरी गिळायची म्हणजे गोधडी गिळायची." भाकरी ताकात कुस्करतात, मग खातात. दात एकामागोमाग किडले, कारण दात धुणारी लाळच नाही. मी तोपर्यंत लाळेला घाण समजत होते.

तर कॅनडात, एडमंटनला, सेकाली आणि झा या दोन डॉक्टरांनी अशा लोकांसाठी रेडिएशनच्या आधीच जबड्याखालची एक ग्रंथी सरकवून हनुवटीखाली नेऊन ठेवली, जिथे किरण अडवता येतात. आणि इथे मात्र नस तोडली नाही! रक्तवाहिनी, नळी आणि नसेची गाठ, तिघांना हातात हात घालून सरकवलं, घर बदलताना फोनची लाइन न तोडता टेबल सरकवतात तसं. अर्थात सगळ्यांना हे जमत नाही, कॅन्सर नेमका तिथेच असेल तर ग्रंथी कशी ठेवणार. हल्ली जास्त करून रेडिएशनच असं वळवून देतात की निदान एका बाजूची पॅरोटिड वाचावी, आयएमआरटी म्हणतात त्याला, आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्येही त्यावर रीतसर तुलना करून काम झालंय, लाळ त्याने बरीच वाचते. काकांच्या वेळी ते मिळालं नव्हतं. त्यांना पिलोकार्पिनच्या गोळ्या दिल्या होत्या, ब्राझीलच्या एका झुडपातून निघालेलं औषध, नसेची किल्ली असल्याची बतावणी करतं. पण किल्ली एकच ना, लाळ थोडी आली आणि घाम बदाबदा. बनियन पिळायचे. सोडल्या गोळ्या.

जपानमध्ये 2013 मध्ये उंदराच्या गर्भातल्या पेशींपासून लाळग्रंथीचं बीज तयार करून ते ग्रंथी काढलेल्या मोठ्या उंदरात लावलं. ते वाढलं, नळी जोडली गेली आणि नस आपणहून येऊन बसली. उंदराच्या जिभेवर आंबट थेंब टाकला तर लाळ आली. माणसापर्यंत यायला वेळ आहे, पण मला त्या आंबट थेंबाचंच कौतुक वाटलं, सगळी हायफाय लॅब आणि शेवटची परीक्षा काय तर चिंच.

हां, मामांच्या उपायाचं राहिलं. बोटॉक्सची इंजेक्शनं गालाला दिली तर ती नसेतून ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाहीत, काही महिने गाल कोरडा राहतो, परत द्यावी लागतात. किंमत ऐकून मामा म्हणाले एवढ्या पैशात मी आयुष्यभराचे रुमाल घेईन. मग डॉक्टरांनी सांगितलेला काखेत लावायचा रोल-ऑन ते लग्नकार्याला जायच्या आधी गालाला लावतात, आणि मामी बाहेर कुणाला सांगू देत नाही.

मागच्या महिन्यात लोणचं घालायला इस्लामपूरला गेले होते. अंगणात ताडपत्रीवर कैऱ्यांचा ढीग, मामी अडकित्त्याने फोडी करतेय, मी मोहरीची डाळ निवडतेय, मामा पेपर घेऊन झोपाळ्यावर. कैरी फुटली की तो कच्चा आंबट वास येतो ना, तो सुटला. मामांनी पेपर खाली केला आणि गालाला हात लावला. "अगं बघ, अजून तोंडात काही टाकलं पण नाही." खरंच, कानापुढे दोन थेंब.

संध्याकाळी फोडी मीठ-हळदीला लावून, मसाला कालवून झाल्यावर मामीने एक फोड मामांना चाखायला दिली. मामा काही बोलायच्या आत तिने त्यांच्या गालाकडे बघितलं, ओघळ कॉलरपर्यंत जाऊ दिला, आणि म्हणाली, "आंबटपणा बरोबर आहे. बरणी आण गं."